शून्याचा रकाना

नऊ सेंट आमचे, साडेचार त्यांचे.
एक खुर्ची एक किलोमीटर पुढे न्यायची
तर एवढा फरक पडतो.
तो कुठे पडतो हे शोधण्याचा मला पगार मिळतो
व्हिएन्नात, चौथ्या मजल्यावर.

डॅन्यूबच्या खालच्या अंगाला, तासाभरावर,
ब्रातिस्लाव्हाहून माझा भाऊ स्वेटोझार उडतो,
पिवळ्या टायवाल्या कंपनीत.
त्यांची सगळी विमानं एका जातीची.
आमच्या जाती सात,
म्हणून सुट्या भागांची कपाटं सात
आणि दर कपाटाला एक किल्लीवाला.

शिवाय आमचं विमान थांबतं.
तिरानाहून येणाऱ्या अकरा जणांसाठी
शिकागोचं दार उघडं ठेवतं;
त्या उघड्या दाराची मिनिटामागची किंमत
मीच काढली आहे.
त्यांचं कुणासाठी थांबत नाही.
पंचवीस मिनिटांत उतरा, चढा, निघा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
तिथे अंथरूण गुडघ्यापाशीच संपतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी
पेट्रझाल्कातल्या सातव्या मजल्यावर
आईने चार ताटं मांडली.
आम्ही तिघं. चौथं, रीतीप्रमाणे,
वाट चुकून येणाऱ्याचं.
चाळीस वर्षांत कुणी वाट चुकलेलं नाही.
मी मनातल्या मनात भागाकार केला:
पंच्याहत्तर टक्के भरलेलं टेबल.
स्वेटोच्या कंपनीने ती खुर्ची केव्हाच विकली असती,
नऊ युरोला,
ओब्लाटकीवरच्या मधाचे वेगळे.

तो साडेनऊला आला. चौथी फेरी, वर धुकं.
कोबीचं सूप दोनदा गरम करून झालं होतं.
आई थांबली होती.
मी घड्याळ पाहिलं नाही,
म्हणजे, पाहिलं.

जेवण झालं तसा तो उठला,
काही न बोलता वाकला.
खुर्च्यांखालचे पावाचे कण, अक्रोडाची टरफलं
मुठीत गोळा केली,
उशा सरळ केल्या,
बाकाच्या फटीत बोटं घालून पाहिलं
कुणाचं काही राहिलं का,
आणि कमरेवर हात ठेवून
दोन टप्प्यांत सरळ झाला.

त्यांच्या खर्चाच्या तक्त्यात
'केबिन सफाई' समोर शून्य आहे.
मी ते तीनदा तपासलं होतं.
बैठकीत दाखवलंही होतं, पडद्यावर, मोठं करून:
बघा, यांना कसं जमतं.

"किती लागले?" त्याने हसून विचारलं.
"सहा मिनिटं."
"म्हातारा झालो," तो म्हणाला.
एकोणचाळीस वर्षांचा आहे.

आईला यातलं काही कळलं नाही.
तिने कोणीही न वापरलेलं चौथं ताट
आमच्या ताटांबरोबरच धुतलं,
दोन्ही बाजूंनी पुसलं,
आणि वेळ घेत
फडताळात ठेवलं.