दहा फुटी

मत्रहच्या दुकानात याकूबने तीन काठ्या काढल्या.
नऊ फुटी, तरंगत्या बोंडासाठी, लांब फेकायला.
अकरा फुटी, शेंडा असा की
तळच्या दगडाला अळी नुसती शिवली
तरी मनगटाला कळावं.
मधली दहाची.
"दोन्ही करते," म्हणाला, "दोन्ही थोडं कमी."

हर्णैला बाबा कुंपणातला वेळू तोडायचे
आणि गरवायला जायचे. संपला विषय.

मी मधली हलवून पाहिली.
सोळा वर्षं सोहारच्या प्लांटवर
वेल्डर, फोरमन, कुणी नसलं की दुभाषी,
सगळं थोडं कमी.
घेतली.

शुक्रवारी वादीत, गुडघाभर पाण्यात
पिसांची खोटी अळी सोडली.
बोटाएवढे मासे हुंगून गेले.
मग दोरी थबकली.
दगडच असणार.
पण मनगट
आधीच वर गेलं होतं.