शेरा

नोंदवहीला पाच रकाने आहेत.
अनुक्रमांक, नाव, वस्तू, सही
आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद, शेरा.
तो मी चार वर्षं कोरा ठेवला.

कळंब्याच्या पुढं, साईटवर, पत्र्याच्या खोलीत माझं स्टोअर.
बाइंडिंग वायर, कव्हर ब्लॉक, हातमोजे
आणि एक हिरवं कपाट, ज्याची किल्ली
शिंत्रे सुपरवायझरच्या कमरेला.
कपाटात बारा मास्क, दोन्ही गालांवर गोल फिल्टरचे,
अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
वहीत बेचाळीस.

दस्तगीर नायकवडी वर ग्राइंडर चालवायचा.
स्लॅबचे फुगवटे, कॉलमचे ओठ, घासून सपाट.
पाणी मारत घासायचं असतं, कागदावर तसं आहे.
पण टँकर प्लास्टरलाच पुरेना,
मग कोरडंच.
दुपारी खाली यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या.
यमनप्पा हसायचा,
मामा, जोतिबावर गुलाल संपला की काय,
चुना उधळलाय!
तोंडाला बायकोच्या ओढणीचा तुकडा.
त्यालाच तो फिल्टर म्हणायचा.

दम होता त्याच्यात.
पोरवयात रुकडीच्या तालमीत
ताक, तेल, हळद घालून मळलेल्या मातीत लोळलेला.
ती माती न्हाणीत उतरायची.

पहिल्या वर्षी सिमेंटच्या दोन गोण्या घेऊन जिना चढायचा.
तिसऱ्या वर्षी एक.
नंतर प्रत्येक मजल्यावर थांबून
बाहेर बघायचा, पन्हाळा दिसतोय का म्हणून.
आम्हाला वाटायचं, बघतोय.

मग तपासणी आली,
आदल्या रात्री फोन करून येते तशी.
शिंत्रेंनी कपाट उघडलं. बारा जणांना बारा.
बाकीचे तीस त्या दिवशी गांधीनगरच्या साईटवर.
दस्तगीरच्या दाढीवर मास्क बसेना,
कडेनं हवा शिरायची.
पिशवीवर छापलंच होतं, दाढी असल्यास वापरू नये.
तो म्हणाला, बाई, काढतो की दाढी. आजच काढतो.
पर उद्या पण मास्क देणार काय?
शिंत्रे म्हणाले, दम धर.

साहेबांनी फोटो काढले, चहा घेतला.
पाच वाजता बारा मास्क
मी स्पिरिटनं पुसून परत पिशव्यांत भरले.
एकात दाढीचा केस सापडला.
फुंकून टाकला.

सीपीआरमध्ये आधी टीबीच्या गोळ्या. सहा महिने.
थुंकीत काही निघालं नव्हतं, तरी.
मग एका नव्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला
आणि विचारलं, काम काय करता?

छातीत वाळू आहे म्हणे, रजिया सांगत होती
ओंजळ करून,
जणू कुणीतरी तिला मोजून दाखवलीय.

भरपाईच्या अर्जाला ऑफिसनं उत्तर धाडलं.
सोबत माझ्या वहीची झेरॉक्स.
पान सतरा, अनुक्रमांक नऊ.
मास्क, एक नग, मिळाला.
सही त्याचीच. पगाराच्या दिवशी
सगळ्या सह्या एकदम घेतो आम्ही.
अक्षर माझं.
मिळालामधला ळ
मी नेहमी जरा मोठा काढते.

आज रविवार. साईट बंद.
किल्ली शिंत्रेंकडं, वही माझ्याकडं.
पान सतरा उघडून बसलेय.
इतका रुंद रकाना कशाला ठेवतात,
मी पूर्वी विचार करायचे.

खाडाखोड नको. तो मोठा ळ राहू दे तसाच.
त्याच ओळीत, रकान्यात, पूर्ण नाव घालून लिहिलं,
मिळाला नाही. एका दिवसासाठी दिला, परत घेतला.
खाली माझी सही, आजची तारीख.

मग पान सोळा. मग पंधरा.
हात दुखायला लागलाय, अजून अर्धी वही आहे.
आठव्या नंबरावर यमनप्पा.
वरचा ग्राइंडर आता तो चालवतो.