डबल बेल

सकाळी साडेसातला
आमच्या उत्तरेश्वर पेठेतल्या सोप्यातनं
गगनबावड्याची गाडी सुटते.
गाडी म्हणजे एक लाकडी खुर्ची.
मागचे पाय भिंतीला टेकवलेले,
घसरू नये म्हणून खाली पोतं.

तबस्सुम सांगते, "काका, उठा.
थांब्याचं नाव घ्या. बसा. पुढचा."
शिकलगारांची पोर.
आजा हिचा तलवारींना धार लावायचा,
ही गुडघ्यांना लावते.

हात छातीवर घडी घालून उठायचं, हा तिचा नियम.
ह्यांनी पहिल्याच दिवशी मोडला.
एक हात वर, नसलेल्या दांडीला.
एकतीस वर्षं एस.टी.त उभं राहिलेला माणूस
असाच उठणार की ओ.

फुलेवाडी. उठले. बसले.
बालिंगा. उठले. बसले.
कोपार्ड्याला मांड्या थरथरतात.
कळ्याला मी पाण्याचा तांब्या पुढं करते,
तर म्हणतात, "पुढं सरका बाई, आत जागा आहे."

मग गुळाचे रवे.
डंबेल्स आणा म्हणाली होती,
मी शाहूपुरीतनं किलोकिलोचे दोन रवे आणले,
फडक्यात बांधले, वर गाठ.
दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत,
आणि वर असताना हिशोब:
"दोन फुल, एक हाफ. फुल बावीसचं.
शंभराची नोट दिली. परत किती?"
"पंचेचाळीस."
रवे खाली यायच्या आत.
मी बोटं मोडत अजून चव्वेचाळीसवर.

तोच हिशोब परत विचारला
तर माझ्याकडं बघत राहिले,
नोट खोटी निघाल्यागत.

रात्री मोरी सापडत नाही.
पोराला भावाच्या नावानं हाक मारतात,
भाऊ जाऊन बारा वर्षं झाली.
मला बऱ्याचदा कुणीच नाही,
नुसतं "अहो बाई".
तबस्सुमला मी एकदाच विचारलं,
उंबऱ्याशी, ती चप्पल घालत असताना.
ती खोटं बोलली नाही.
"मावशी, गेलेलं परत येईल असं नाही सांगत मी.
पण खुर्चीतनं आपलं आपण उठतील,
पडणार नाहीत, तेवढं बघू."
मला ते पटलं.
पडलेल्या माणसाला उचलायला
ह्या घरात मी एकटी आहे, एकोणसत्तरची,
आणि रव्यांना मुंग्या लागतात ते वेगळंच.

श्रावणात एक थांबा गेला.
कळ्यानंतर थेट असळज.
मधलं साळवण गाळलं.
पाच दिवस गाळलं.
मी ओट्याशी भाकरी थापत होते,
हात परातीतच राहिला.

साळवण माझं माहेर.
तिथंच चढायचे मी, डी.एड.च्या वर्षी,
आणि हा कंडक्टर रोज म्हणायचा सुट्टे नाहीत,
तिकिटाच्या मागं लिहून द्यायचा, बाकी चार आणे.
सुट्ट्यांनी बॅग खुळखुळत असायची.
लग्नात माझ्या ट्रंकेत अशी सत्तावीस तिकिटं होती.

मी आतनं ओरडणार होते, "साळवण!"
तबस्सुमनं बोट ओठावर ठेवलं.
सांगायचं नाही, शोधू द्यायचं.

सहाव्या दिवशी.
फुलेवाडी, बालिंगा, कोपार्डे, कळे.
मग काहीच नाही.
ओठ हलले, नाव आलं नाही.
गॅसवर भाकरी फुगली, करपली.
आणि बिननावाचेच
हे उठले.
सावकाश, दोन्ही टाचा पोत्यात रुतवून,
हात वर, दांडीला.
उभे राहिले, दाराकडं बघत,
नेहमीपेक्षा जास्त वेळ,
तबस्सुम "बसा" म्हणाली तरी.

मी पदराला पीठ पुसलं,
आणि सोप्यात जाऊन उभी राहिले.

"कुठं?" म्हणाले.
"कोल्हापूर. एक फुल."
खिसा चाचपला. वरचा, मग खालचा.
"सुट्टे नाहीत."
"असू दे."

मग जिभेनं टाळ्यावर
दोनदा वाजवलं, टण टण,
आणि बसले.

"असळज," तबस्सुम म्हणायच्या आधीच
हे म्हणाले.