टक्

चावी फिरवली की टक्.
एकदाच. मग काहीच नाही.
पहाटेचे पावणेचार, सातववाडीची गल्ली,
हौद्यात रिकामी क्रेट्स,
आणि मांजरीच्या बाजारात मेथी काही माझ्यासाठी थांबायची नाही.

हे बनियनवरच खाली आले.
बावीस वर्षं काढली यांनी प्रेस शॉपला;
शंभर टनी प्रेसखालून पत्रे बाहेर पडत गेले,
कान तेवढे तिथंच राहिले.
फंडाच्या पैशातून ही पिकअप आली.
लायसन्स मी काढलं,
कारण मागून वाजलेला हॉर्न यांना कळत नाही.

तेव्हापासून आमचं ठरलेलं:
गाडी बोलेल ते मी ऐकायचं
आणि दाराच्या धुळीवर बोटानं लिहायचं.
कुईं, म्हणजे पट्टा ढिला.
खडखड, पण फक्त खड्ड्यात, म्हणजे मागच्या पाट्यांचे बुश.
घर्र घर्र करून पेट घेत नाही, म्हणजे डिझेलमध्ये हवा;
फिल्टरवरचा पंप दाबत राहायचा, अंगठ्याला कडक लागेपर्यंत.
काही आवाज लिहिता येत नाहीत.
गिअरबॉक्स एकदा जे म्हणाला
ते मी लिहिलं होतं: 'भाताच्या घासात खडा'.
यांना बरोब्बर कळलं.

आज लिहिलं: टक्.
पुढं लिहिलं: एकदाच.

तौफिक परवाच म्हणाला होता, वहिनी, स्टार्टर गेला,
अठ्ठेचाळीसशे, नाना पेठेतून आणून देतो.
हे तेव्हाही मान हलवत होते. नाही.
आधी बॅटरीची टोकं धुतली, हिरवट फुललेली,
सोड्याचं पाणी चुरचुरलं, फेसाळलं.
पुन्हा टक्.
'दिवे लाव.' लावले.
'आता मार चावी.' मारली.
दिवे ढिम्म हलले नाहीत, समोरच्या भिंतीवर तसेच लख्ख.
'मग बॅटरीला कशाला दोष,' स्वतःशीच म्हणाले,
आणि जंपर केबल काढली. दोनातली फक्त काळी.
एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर.
'मार.'

सगळी गल्ली जागी झाली.
वर अनसूयाबाईंची खिडकी उघडली.
मी वर बघितलंच नाही.

'अर्थ लागत नव्हता!' हे ओरडले.
यांना वाटतं आपण पुटपुटतोय.

चॅसीवरून इंजिनला जाणारी एक विणलेली तार,
कुणाची नजर जात नाही अशा जागी,
बोल्टाखाली गंजून तिचं तांबडं पीठ झालेलं.
गाडी बंद केली. तेरा नंबरचा पाना, पॉलिश पेपर,
मोबाइलची बॅटरी माझ्या हातात,
आणि दर मिनिटाला 'अगं इकडं, माझ्या तोंडावर नको'.
लोखंड पांढरं होईस्तोवर घासलं.
वर प्रांजलचं ओठांना लावायचं व्हॅसलीन,
कारण ग्रीस संपलं होतं आणि दुकान उघडतं नऊला.
(तिला अजून सांगितलेलं नाही.)

काळी केबल गुंडाळून सीटखाली गेली.
चावी. पहिल्याच झटक्यात लागली.
यांनी मडगार्डवर तळवा टेकवला, डोळे मिटले,
ताप बघावा तसे थांबले.
'तिसरं सिलेंडर जरा आळशी आहे.'
मला तर काहीच वेगळं ऐकू येईना.

'आवाज कसाय?'

दारावर आता जागा उरली नव्हती,
महिन्याभराचे आवाज, त्यावर चिखलाचे शिंतोडे.
खाली हँडलजवळ लिहिलं: बरा.
पुसलं. लिहिलं:
तुम्ही घोरता तसा.

'मी? मी कधी घोरतो?'
हे अख्ख्या सातववाडीला ऐकू गेलं.
वरच्या खिडकीत बाई हसल्या, मग खिडकी लागली.

चार वाजून चाळीस. हँडब्रेक सोडला.
वळणावर पट्टा पुन्हा कुईं म्हणाला.
ते रविवारी.