पान्हा चोरते तेव्हा

लिस्बनच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,
नवी झडप गाईच्या हृदयावरल्या आवरणाची आहे.
बेल्मिरो हसला. टाके दुखले, तरी हसला.
म्हणाला, "कुठल्या गोठ्यातली, ते विचार.
आमच्या साऊ जॉर्जची असेल तर
वाऱ्याची सवय असेल तिला."

दोन दिवस सगळं ठीक.
तिसऱ्या रात्री साडेतीनला, म्हणजे
बेटावर दूध काढायच्या वेळेला,
मॉनिटरवरची हिरवी रेघ बुजली.
दोन ठोके घाईत, एक गाळलेला, मग पाच एकदम,
दावं तोडून, कुंपणाला अंग घासत.

एकशेचाळीस. एकशेबासष्ट.
नर्स धावत आली, मी कोपऱ्यात सरकले.
"झडप बदलल्यावर या वयात होतं असं, पुष्कळांना."
जसं काही पुष्कळांना होतं म्हणून
माझ्या माणसाला कमी होत होतं.

त्याने डोळे उघडले नाहीत.
उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं
चादरीवर हलत होती.
मी ओळखलं. चौपन्न वर्षं पाहिलेत ते हात.
गाय पान्हा चोरते तेव्हा हा ओरडत नाही,
कपाळ तिच्या कुशीला टेकवतो
आणि हळू, अगदी हळू, रिकाम्या सडांवर
ठेका धरून बसतो, ती विसरेपर्यंत.

औषध उतरलं थेंबथेंब. पहाटे ती शांत झाली,
इतकी शांत, की चार सेकंद काहीच नाही.
चार सेकंद म्हणजे किती, ते मला विचारा.
बोटंसुद्धा थांबली होती.

आता गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र आहे.
ती विसरली, की ते आठवण करून देतं तिला.
तिला, म्हणते मी. तोही तसंच म्हणतो.
रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यामुळे
चीज कापताना बोट कापलं तर तासभर वाहतं.
गायी पुतण्याने नेल्या. एक म्हातारी ठेवलीय, आटलेली.

रात्री मी त्याच्या पाठीला कान लावते.
पूर्वी तिथे दाराखालून वारा शिरावा तसा आवाज यायचा,
जुन्या झडपेचा. त्याच्यावर मी झोपायचे.
आता नुसता ठेका. बहुतेक रात्री बिनचूक, परका.
कधी मध्येच दोन घाईत, आणि मी जागी.

साडेतीनला तो उठून बसतो.
"जाऊ का?" विचारतो.
"कुठे?" मी म्हणते,
आणि त्याचे बूट शोधायला दिवा लावते.