चार हजार हर्ट्झच्या पुढे

खुर्चीत बसताच तिनं विचारलं,
उजेड जरा कमी होतो का हो इथला?

फॉर्मवर नाव: ब्रेंडा ऑलरेनशॉ. वय एकोणऐंशी.
खाली, कुणी विचारलं नसताना,
वळणदार अक्षरात: रंगमंचावर डेल्फीन रे.

आवाज आला की बटण दाबा, मी म्हटलं.
तिनं डोळे मिटले
आणि मात्रा धरून दाबत राहिली.
दोनदा तर आवाज यायच्या आधीच.
"सवय," म्हणाली. "बँड नेहमी उशिरा यायचा."

आलेख उतरत गेला.
चार हजार हर्ट्झच्या पुढे
ओहोटीला मॉरकमचा समुद्र जातो
तसं सगळं मागे गेलेलं, नुसता चिखल चमकत होता.
स, श, फ, फुंकरीची सगळी अक्षरं गेलेली.
टाळ्याही.
"त्या येतात," ती म्हणाली, "पण शेजारच्या घरात
लाह्या फुटाव्यात तशा."

मिरजेला आमच्या गल्लीत
अब्बा तंबोऱ्याची जवारी लावायचे.
तारेखाली सुताचा धागा, केसभर पुढे, केसभर मागे,
मग एकाएकी तार बोलायला लागायची.
मी इथे तेच करते, फक्त कॉम्प्युटरवर.
हे तिला सांगितलं नाही. तीच बोलत होती.

लँकेस्टरचा लिनोलियमचा कारखाना,
शुक्रवारी भोंगा झाला की बस,
बसच्या काचेत बघून रंगवलेले ओठ.
बॅरो, ओल्डहॅम, बर्नली, मजुरांचे क्लब,
बिअरने चिकट झालेल्या फळ्या.
बर्नलीत एकदा गाणं ऐन वर चढलेलं,
सेक्रेटरीनं हातातला माइक घेतला:
"पाईज आल्यात. गरम आहेत. रांगेत या."
सगळे उठले. ती तो स्वर धरून उभी,
माइकशिवाय,
शेवटचा माणूस प्लेट घेऊन परत येईपर्यंत.
"धरला होता," ती म्हणाली. "विचारा विल्फला."

विल्फ क्रॉस्डेल. पियानो. चौतीस वर्षं.
काळी तीनमध्ये गायची ती, तिशी-पस्तिशीत.
सहा-सात वर्षांनी एकदा
तो गुपचूप अर्धा स्वर उतरवायचा.
सांगायचा नाही.
तिला पहिल्याच ओळीला कळायचं.
तीही सांगायची नाही.
असे उतरत उतरत दोघं काळी एकवर आले
आणि लोक म्हणायचे, डेल्फीनचा आवाज
अजून तस्सा आहे.

लग्न? तिनं हात झटकला.
त्याचं एक होतं, प्रेस्टनला.

विल्फला मार्चमध्ये नेलं.
आता शनिवारी एक पोरगा वाजवतो, कॉलेजातला, गुणी.
जुन्या वह्या उघडून मूळ पट्टीत वाजवतो.
"मला वाटलं, कानच बिघडले," ती म्हणाली,
"म्हणून आले."

मी काही बोलले नाही.
कानांचा आलेख तिच्यासमोर होता.
पट्टीचा आलेख
माझ्या यंत्रात निघत नाही.

मशीन बसवलं, दोन्ही कानांत.
ती दचकली. आधी रेडिएटर,
मग बाहेरचे सीगल, मग स्वतःच्या बाहीवरचे टिकल्यांचे खवले,
ते इतकी वर्षं करकरत होते आणि तिला पत्ता नव्हता.
"बाई, एक टाळी वाजवा ना."
मी वाजवली. दोन, तीन. ट्यूबलाइटखाली, एकटीच.
ती ऐकत राहिली.
"इतकी कोरडी असते होय?"
तरी मान आपोआप
थोडी झुकलीच.

मग आरशात बघून
उजवं मशीन केसांमागे नीट दडवलं.
डावं काढलं, रुमालात गुंडाळलं,
पर्समध्ये, लिपस्टिकच्या शेजारी.

दोन्ही लागतील, मी म्हटलं. दिशा कळायला.

"पियानो डावीकडे असायचा," ती म्हणाली.
"तिकडचं राहू दे
जसं आहे तसं."