दोन हजार चौरस फुटांच्या आत

फेब्रुवारीतला मंगळवार, एल्डर ग्रोव्ह, इलिनॉय.
गावाच्या सभागृहात एकोणीस माणसं
आणि कॉफीचे दोन थर्मास, त्यातला एक गळका.
विषय क्रमांक सहा: नव्या घरांच्या छतात स्प्रिंकलर.
आजवर मोठ्या इमारतींनाच होते, आता घराघराला.
मसुदा मी टंकलेला. नकाशे तपासायचं काम माझं;
बारा वर्षं लोकांच्या न बांधलेल्या घरांतून
लाल पेन्सिल घेऊन मी हिंडते आहे.

अग्निशमन प्रमुख ऑस्ट्रँडर उभे राहिले.
आकडे आणले नव्हते. एवढंच म्हणाले,
मी भरती झालो तेव्हा भोंगा वाजला की
चाळीस जण धावायचे,
न्हाव्याच्या खुर्चीतून, अर्धी दाढी घेऊन.
आता अकरा आहोत. चौघांचे गुडघे गेलेत.
दिवसा बाकीचे शिकागोत, कामावर.
"आम्ही येऊ. पण उशिरा येऊ."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
हे इंग्रजीत सांगता येईना, म्हणून मी कॉफी ओतली.

आमच्या भाषेची एक गंमत आहे:
पोटात विस्तव घेऊन पाणी तापवतो तो बंब,
आणि पोटात पाणी घेऊन विस्तवाकडे धावतो
तोही बंबच.
एका शब्दात दोघे नांदतात, भांडत नाहीत.
छतातल्या तोटीचंही तसंच. तिच्या तोंडाशी
काचेची एक कुपी, तांदळाच्या चार दाण्यांएवढी,
आत लाल द्रव. अडुसष्ट अंशांना फुटते.
जिथे जळतं तिथलीच फुटते, बाकीच्या गप्प राहतात,
सिनेमात काहीही दाखवोत.
पन्नास वर्षं काहीच न होणं, हे तिचं काम.

टेडेस्को बिल्डरने माइक पुढे ओढला.
घरामागे तेरा हजार डॉलर. विहिरीवरच्या घरांना
टाकी, पंप, ते वेगळं.
थंडीत पाइप फुटला तर गालिचा कोण भरून देणार?
तो काही खलनायक नव्हता. सर्दी झाली होती त्याला.

मग शेवटच्या रांगेतून कोरीन वेडल,
रात्रपाळीची नर्स, गणवेशातच,
भाड्याच्या ट्रेलरमध्ये दोन मुलं झोपवून आलेली.
"तुमचे नियम चांगलेच असतात," म्हणाली,
"फक्त दर नियमागे माझं घर एक गल्ली लांब जातं."
हीटरचा आवाज ऐकू येऊ लागला.
भाजलेली माणसं मी पाहिलीत, असंही म्हणाली,
आणि पुढचं वाक्य न बोलताच खाली बसली.

चार विरुद्ध दोन. मधला मार्ग निघाला:
दोन हजार चौरस फुटांच्या आत, सूट.
खुर्च्या सरकल्या, हात मिळवले गेले.
आगीला चौरस फूट मोजता येत नाहीत,
हे कुणी बोललं नाही. मीही नाही.
दुरुस्ती म्हणतात हिला.
त्याच रात्री मी ती टंकली, स्वल्पविरामासकट.

एप्रिलमध्ये कोरीनचा नकाशा टेबलावर आला.
एक हजार नऊशे चाळीस.
मुलांच्या खोल्या मागच्या बाजूला.
खिडक्या मापात होत्या, तरी दोनदा मोजल्या.
शिक्का मारला.
मग समासात लिहिलं: रस्त्यावरून येणारा नळ
एक आकडा जाड घ्या, पुढेमागे वाटलं तर.
कायद्यात हे नाही. पेन्सिलीत आहे.

घरी आले. माझ्या छतात तोटी आहे.
दिवाळीत मी तिलाच आकाशकंदील टांगला होता;
तोटीला काही अडकवू नका, हे पत्रक मीच वाटते.
सहा महिने तो तिथेच.
स्टुलावर चढले, दोरा कापला.
बोट कुपीला लागलं, गार, गुळगुळीत,
आणि आतल्या लालात
एक बारका बुडबुडा जरासा सरकला.